पाचव्या ‘का’चं उत्तर

चारशे शाफ्ट परत आले, तेव्हा मी कँटीनमध्ये देशाच्या शिक्षणावर बोलत होतो.

विषय माझा आवडता. आमच्या वेळचा सातवी पास माणूस हिशेब तोंडी करायचा, आताच्या डिप्लोमावाल्याला दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कळत नाही. माझे वडील पिंपरीत टर्नर होते. त्यांच्या एकट्याच्या पगारात आम्ही पाच जण जेवलो, शिकलो, थेरगावात दोन खोल्याही झाल्या. आता नवराबायको दोघं बारा-बारा तास राबतात आणि दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहतात. हाताला कसब नाही, म्हणून घराला बरकत नाही. समोरचे माना हलवत होते. तेवढ्यात गेटवरून फोन आला.

“जगताप साहेब, टेम्पो परत आलाय. मालासकट.”

चाकणजवळच्या एका मशीनिंग शॉपमध्ये मी क्वालिटी हेड आहे. एका मोठ्या कंपनीच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे छोटे शाफ्ट आम्ही करतो. व्यास वीस मिलिमीटरला किंचित कमी. बरोबर सांगायचं तर एकोणीस पॉइंट नव्याण्णव ते एकोणीस पॉइंट सत्त्याण्णव. परत आलेला शाफ्ट मी मोजला. वीस पॉइंट अठ्ठेचाळीस. अर्धा मिलिमीटर जाड. दुसरा मोजला, तोही तसाच. शाफ्ट बेअरिंगमध्ये शिरेनात म्हणून कस्टमरची लाइन थांबली होती.

आमचे मालक बबनशेठ गेटवरच उभे होते. माणूस इथल्याच गावचा. शेड उभी आहे ती त्यांच्या बाजरीच्या रानात.

“समदेच गेले?”

“चारशेच्या चारशे.”

“आन् आपल्याकडं तपासलं कुणी?”

तपासलं होतं कविता सोळंके यांनी. चारशेही शाफ्टवर त्यांचा ओके टॅग होता.

शाफ्ट जाड का झाले, ते तासाभरात कळलं. मशीनला कापायची नवी टिप लावली की ऑपरेटर पहिला पीस मुद्दाम अर्धा मिलिमीटर जाड काढतो. तो मोजतो, आणि मग मशीनच्या सेटिंगमधून तो अर्धा काढून टाकतो. चुकलंच तर मटेरियल हातात राहावं, म्हणून ही पद्धत. त्या दिवशी शिफ्ट बदलताना तो अर्धा काढायचा राहिला. असं होतं. म्हणूनच तर पुढे तपासणीला माणूस बसवतात.

तपासणीत काय झालं, ते समजायला मायक्रोमीटर थोडा समजून घ्यावा लागेल. त्याला एक स्थिर दांडी असते, तिच्यावर मिलिमीटरच्या आणि अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा. तिच्यावर एक नळी फिरते, तिच्यावर शून्य ते पन्नास आकडे. आधी दांडीवरचं वाचायचं, मग नळीवरचं त्यात मिळवायचं. आमचा चांगला शाफ्ट लावला की नळीवर अठ्ठेचाळीस दिसतं. अर्धा मिलिमीटर जाड शाफ्ट लावला, तरी नळीवर अठ्ठेचाळीसच दिसतं. फरक फक्त दांडीवर.

मी कविताताईंना बोलावून मायक्रोमीटर हातात दिला. “वाचा.”

“अठ्ठेचाळीस. ओके आहे सर.”

“दांडीवर किती?”

त्यांनी दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तिथलं नाही बघत सर. आधीच्या ताईनं सांगितलं होतं, सत्तेचाळीस ते एकोणपन्नास दिसलं की टॅग लावायचा.”

दीड वर्ष त्या असंच करत होत्या. मशीन चुकत नव्हतं, म्हणून त्याही चुकत नव्हत्या.

कस्टमरचे क्वालिटी इंजिनिअर देसाई दुसऱ्या दिवशी अकराला येणार होते. त्यांच्यापुढे ‘व्हाय-व्हाय’ ठेवायचा असतो. हा एक कागद असतो, त्यावर पाच रकाने. चूक का झाली, ते लिहायचं. मग त्याचं का, मग त्याचं. पाच वेळा का विचारलं की मूळ सापडतं, अशी समजूत आहे. चाकणच्या पट्ट्यात पाचव्या रकान्यात बहुतेक एकच उत्तर असतं: कामगाराला कौशल्य नव्हतं, ट्रेनिंग दिलं. सोबत पांढऱ्या बोर्डासमोर उभं राहून काढलेला फोटो. मी असे किती कागद भरले असतील, सांगता येत नाही.

बबनशेठ माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. “त्या बाईला काढा. आन् कागदावर तसं लिव्हा. देसायाला बी बरं वाटंल.”

“ऑपरेटरचं काय?”

“त्याला वॉर्निंग दिली. मशीन चालवाया मानूस घावत न्हाई, जगताप. तपासाया शंभर घावतील.” मग हसून म्हणाले, “आन् पाचव्या खान्यात लिव्हा की, देशाचं शिक्षान बिघडलंय. तुमीच सांगता ना रोज?”

कविताताई दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. शेठ गेल्यावर त्या आत आल्या.

“सर, काढणार का मला?”

मी समोरचा कोरा व्हाय-व्हाय पालथा घातला.

“मिस्टर वेअरहाऊसला आहेत, त्यांचं कधी असतं, कधी नसतं. पोरगी पहिलीत बसलीय इथं. माझं गेलं तर परभणीला परत जावं लागंल. तिथं काय करायचं?”

मी एवढंच म्हणालो, “तुमची फाइल बघतो.”

फाइलमध्ये आयटीआयच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स होती. फिटर ट्रेड, प्रथम श्रेणी. खाली संस्थेचं नाव आणि वर्ष. ते वाचून मी फाइल मिटली. पुन्हा उघडली. नाव तेच होतं.

हे मी आजवर घरीही सांगितलेलं नाही.

फिटरच्या प्रॅक्टिकल परीक्षेत एक साधा नियम असतो. बाहेरून आलेला परीक्षक सकाळी कोऱ्या लोखंडी तुकड्यांवर आपला पंच मारतो, म्हणजे खुणेचा ठसा उमटवतो. विद्यार्थ्याने दिवसभरात तोच तुकडा कानशीने घासून मापात आणायचा. ठशामुळे तुकडा बदलता येत नाही.

आळंदीच्या पलीकडच्या एका खासगी संस्थेत त्या वर्षी परीक्षक मी होतो. तीसेक विद्यार्थी आणि तुकडा पकडायचे शिकंजे सहा. त्यातल्या दोनांना मूठ नाही. प्राचार्य सज्जन होते. म्हणाले, “सर, एवढ्या मुलांचे जॉब एका दिवसात व्हायचे नाहीत. पंच इथे ठेवा. तुम्ही जेवून घ्या.” मी पंच ठेवला. जेवायला श्रीखंड होतं. तीन वाजता परत आलो, तर टेबलावर तीस जॉब ओळीने मांडलेले. प्रत्येकावर माझा ठसा. कानशीच्या कामावर रेघा राहतात, प्रत्येक हाताच्या वेगळ्या. या तुकड्यांवर एकही रेघ नव्हती. सगळे मशीनवर घासलेले, आरशासारखे. कुठल्याही फिटरला हे दुरून कळतं. मी सह्या केल्या, शाल-श्रीफळ घेतलं आणि पाचच्या आत घरी आलो. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. खरं कारण एवढंच, की सगळे गोड बोलत होते आणि मला वाद नको होता. पुढची तीन वर्षंही मीच गेलो. आणि तीच वर्षं मी कँटीनमध्ये भाषणं देत होतो.

कविताताईंना पुन्हा बोलावलं.

“प्रॅक्टिकलला जॉब काय होता तुम्हाला?”

“टी-फिटिंग. पण आम्ही केला नव्हता सर. तयार होता.” मग अगदी सहज म्हणाल्या, “तुम्हीच आला होतात ना.”

“तुम्हाला आठवतं?”

“इथं पहिल्या दिवशीच ओळखलं. चष्मा नवीन होता फक्त.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? मला वाटलं, मला येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून शिकवाल कधीतरी. मी वाट बघत होते.”

मी मायक्रोमीटर घेतला आणि त्यांना खुर्ची दिली. दांडीवर रेघेच्या वर मिलिमीटर, खाली अर्धे. खालची रेघ उघडी पडली की पन्नास मिळवायचे. त्यांनी वहीत चित्र काढून घेतलं. मग मी मिळेल ते मोजायला दिलं: पेन, किल्ली, टेबलावरचा खिळा. पहिले चार चुकले. नंतर चुकणं थांबलं. घड्याळ पाहिलं, तर वीस मिनिटं झाली होती.

मग मी व्हाय-व्हाय भरायला घेतला. चौथ्या रकान्यात लिहिलं: तपासणीसाला मायक्रोमीटर वाचायला कधीच शिकवलं गेलं नाही, घेतानाही तपासलं नाही. पाचव्यात: प्रॅक्टिकल परीक्षा न घेता सर्टिफिकेट दिलं गेलं, परीक्षक मी होतो. खाली सही केली.

सकाळी बबनशेठनी कागद वाचला. दोनदा वाचला.

“ह्ये कस्टमरला दावनार? येडं लागलं का राव तुमाला?”

“खरं आहे ते.”

“खरं असंल. पर खरं लिव्हाया तो खाना हाय व्हय?”

“मग काढायचं असेल तर आधी मला काढा, शेठ. तिच्याकडून चारशे पीस गेले. माझ्याकडून शंभरावर माणसं गेलीत.”

शेठनी कागदाची घडी घातली. “बघू. देसाई काय म्हनतो त्ये बघू.”

देसाई आले. वय तिशीचं, आवाज बारीक, पण नजर बारकाईची. पाचव्या रकान्यावर ते थबकले. पेनाचं टोपण लावलं, काढलं.

“सर, हे मी वर पाठवू शकत नाही.”

“का?”

“तिथे नाव लिहायची पद्धत नाही. आणि खरं सांगू, आमच्याकडेही कुणी असं विचारत नाही. मीही फोटो लावूनच रिपोर्ट क्लोज करतो.” मग म्हणाले, “पाचवा मी जरा बदलतो. चौथा आहे तसाच राहू द्या. ॲक्शन काय घेताय?”

“मोजणाऱ्या प्रत्येकाची हातात इन्स्ट्रुमेंट देऊन परीक्षा. मी स्वतः घेणार. जेवायच्या आधी.”

“आणि त्या मॅडम?”

मी शेठकडे पाहिलं. शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. शिकल्यात म्हनं काल.”

देसाईंनी कविताताईंना बोलावून तीन पीस मोजायला दिले. तिन्ही बरोबर आले. रिपोर्ट क्लोज झाला.

पुढच्या आठवड्यात मी परीक्षा घेतली. अकरा जणांपैकी सात जण नापास. त्यात दोन डिप्लोमा होल्डर, आणि कँटीनमध्ये माझ्या भाषणाला सगळ्यात जोरात मान हलवणारे आमचे स्टोअर सुपरवायझर. बबनशेठनीही हौसेने मायक्रोमीटर लावून पाहिला. अर्ध्याने चुकले. “पुन्यांदा दाखवा,” म्हणाले. सगळ्यांना शिकवायला तीन दुपारी लागल्या. आता सगळ्यांना येतं. तिघांनी त्यानंतर मला व्हर्निअरही शिकवा म्हणून सांगितलं.

त्या संस्थेला मी पत्र लिहिलं, चारही वर्षांचं सगळं कबूल करून. उत्तर आलं नाही. परीक्षक म्हणून बोलावणंही बंद झालं. उरलेल्या शंभरावर माणसांचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. ती कुठे काय मोजत असतील, हा विचार येतो.

दोन महिन्यांनी डिस्पॅच थांबला. टेम्पो भरलेला, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि बबनशेठचा फोन. “जगताप, तुमची बाई टॅग द्यायना. मी मालक हाय म्हनलं, तर म्हनती, सरांना बोलवा.”

मी गेलो. कविताताईंनी शाफ्ट पुढे केला. “पंचाण्णव येतंय सर. दोन वेळा बघितलं.”

मी मोजला. एकोणीस पॉइंट पंचाण्णव. दोन शतांश कमी.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. टेम्पो रिकामा झाला. शेठनी कविताताईंना चहा पाठवला.

देश वर चाललाय की खाली, यावर मी आता कँटीनमध्ये बोलत नाही. ते मोजायचं अवजार माझ्याकडे नाही. माणूस कामावर घेताना सर्टिफिकेटची झेरॉक्स फाइलला लावतो, आणि लगेच त्याच्या हातात मायक्रोमीटर देतो. येत नसेल तर खुर्ची देतो. वीस मिनिटं लागतात, कुणाला तीस.