माजी उपनगराध्यक्षांचं शिफारसपत्र

माझे वडील एकोणीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात रोजंदारीवर शिपाई होते. मुख्य काम पुकाऱ्याचं. दारात यायचं, व्हरांड्याकडे तोंड करायचं आणि पक्षकाराचं नाव तीनदा ओरडायचं. मे महिन्यात कोर्ट बंद, आणि रोजंदारीला सुट्टीचा पगार नसतो. आई शाळेत खिचडी शिजवायची, तिचीही शाळा बंद. मग वडील लग्नांमध्ये वाढपी म्हणून जायचे आणि उरलेलं घेऊन यायचे. आम्हा दोघी बहिणींचा मे महिना म्हणजे बुंदी आणि वांग्याची भाजी, सकाळीही तीच. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे. आठ दिवस सकाळी शिळी बुंदी खाऊन बघावी.

कायम जागा तीनदा निघाली. तिन्ही वेळा वडिलांचा अर्ज सगळ्यांच्या आधी, आणि तिन्ही वेळा कुणीतरी वरून चिठ्ठी घेऊन आलं. तिसऱ्या वेळी जो लागला त्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हता. साहेबांनी वडिलांनाच सांगितलं, ह्याला शिकव. वडिलांनी शिकवलं. मी तेव्हा नववीत होते. वकील व्हायचं ठरवलं ते न्यायाच्या प्रेमापोटी वगैरे नाही, रागापोटी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, पदवी घेतलेली पहिली, विमानात बसलेली पहिली. हे मी विचारल्याशिवायही सांगते.

नागपूरला एलएल.बी., मग शिष्यवृत्तीवर डब्लिनला एलएल.एम. पण इथे वकिली करायची तर परीक्षांची वेगळी माळ लागते, ती लांबत गेली आणि मी सिटीवेस्टच्या एका विमा कंपनीत दावे तपासायला लागले. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ऑफिस घरी आलं. डब्लिनचं भाडं देऊन खोलीतच बसायचं तर डब्लिन कशाला, असा हिशोब करून उन्हाळ्यात मी वायव्य किनाऱ्यावरच्या स्लायगो गावाला गेले. तिथे मोठ्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका फिलिपिनो नर्सच्या घरात वरची खोली मिळाली. त्या घरात तिचे वडीलही होते. मुलीला भेटायला सहा आठवड्यांसाठी आलेले, आणि विमानं बंद झाली.

पहिल्याच दिवशी चहा करताना त्यांनी विचारलं, शिक्षण काय? मी सांगितलं. म्हातारा खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"गुड आफ्टरनून, अ‍ॅटर्नी."

मला वाटलं चेष्टा करतात. नंतर कळलं, त्यांच्याकडे वकिलाला सगळे असंच हाक मारतात, भाजीवालासुद्धा. ते स्वतः वकील. त्यांची मुलगी म्हणाली, "ताताय, तिला घरात तरी नावाने बोलवा." ताताय म्हणजे बाबा. ते म्हणाले, "पदवी काय घरात शिरताना बुटांसारखी काढून ठेवायची?" पाच वर्षांत ह्या देशात मला कुणी वकील म्हटलं नव्हतं. मी त्यांना अंकल म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्याच दिवशी ते मला आवडले.

मुलगी ड्यूटीवर असायची. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप लावून बसायची, ते समोर. माझ्या दोन कॉलच्या मधे ते त्यांचं आयुष्य सांगायचे, पण क्रमाने कधीच नाही. आज मंत्रालयातला किस्सा, उद्या लहानपणीची होडी. मी कागदावर मांडायचा प्रयत्न केला, दावा तपासते तशी. कोळ्याचा मुलगा. दिवसा नगरपालिकेत कारकून, संध्याकाळी लॉ कॉलेज. वकिलीची परीक्षा राजधानीत, चार रविवार. गावातून दहा-बाराजण बोटीने बरोबर गेले आणि परीक्षा चालू असताना बाहेर फुटपाथवर भात शिजवत बसले. पास झाल्यावर गावातली गरिबांची भांडणं. फी म्हणून मासळी, कोंबड्या. मग नगरसेवक, मग उपनगराध्यक्ष. मग नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि पडले. आणि वर्षभराने, ज्या पक्षाने पाडलं त्याच पक्षाच्या सरकारात जमिनीच्या खात्यात मोठे अधिकारी.

"हे कसं झालं, अंकल?"

"काय कसं?"

"ज्यांनी पाडलं त्यांनीच नेमलं?"

"पक्ष म्हणजे बस, अ‍ॅटर्नी. आपल्याला जायचं असतं तिकडे जी जाते तीत बसायचं."

"आणि तुम्हाला कुठे जायचं होतं?"

ते हसले आणि उठून तांदूळ धुवायला लागले. तांदूळ ते फार छान धुवायचे.

त्यांचे मानसपुत्र किती, हेही मला कधी कळलं नाही. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याला आणि लग्नाला एक मानाचा बाप उभा करतात, त्याला निनाँग म्हणतात. पुढाऱ्याला सगळेच बोलावतात. निनाँग झालात की त्या पोराची शाळा, नोकरी, अडचण सगळी तुमची. मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला वशिला म्हणतात. ते म्हणाले, "आमच्याकडे ह्याला लक्ष ठेवणं म्हणतात. तुझ्या वडिलांवर कुणी लक्ष ठेवलं नाही, हे वाईट झालं." राग यायला हवा होता, आला नाही. रात्री अंथरुणात आला, पण तोवर कुणावर ते कळेना.

त्या हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद. पाच किलोमीटरच्या आत फिरायचं. अंत्यविधीला चर्चमध्ये दहाच माणसं चालायची, म्हणून बाकीचं गाव रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहायचं आणि शववाहिनी समोरून गेली की मान खाली घालायचं. अंकलना हे कळल्यावर ते घरचा पांढरा भरतकामाचा शर्ट इस्त्री करून, वर मुलीचं जाड जाकीट घालून, अनोळखी लोकांच्या मयताला उभे राहू लागले. मुलगी म्हणाली, "ताताय, कोण होतं ते?" "माहीत नाही. पण घरच्यांनी पाहिलं ना मला." तिने माझ्याकडे बघितलं. "व्हिसाची अडचण आहे, नाहीतर हे इथेही निवडणुकीला उभे राहिले असते."

तिथेच त्यांची एका स्थानिक नगरसेवकाशी गाठ पडली. तोही प्रत्येक मयताला हजर. दोघांनी एकमेकांना लगेच ओळखलं, एका धंद्यातली माणसं ओळखतात तसं. रोज सकाळी नगरसेवक कुत्रा घेऊन यायचा आणि दोघं दोन मीटरवरून गप्पा मारत चालायचे.

जानेवारीत मी एका सरकारी कचेरीतल्या कायदा विभागाच्या जागेला अर्ज केला. माझ्याकडे स्टॅम्प फोरचा निवासी परवाना होता, म्हणजे कोणत्याही नोकरीला अर्ज करायला मोकळी. जाहिरातीच्या शेवटी ठळक अक्षरात ओळ होती: उमेदवाराने किंवा उमेदवारातर्फे कुणीही शिफारस केल्यास अर्ज बाद. मी त्या ओळीचा फोटो काढून बहिणीला पाठवला. अशी ओळ आमच्या तालुक्यात असती तर, असं लिहिलं.

मार्चमध्ये व्हिडिओवर मुलाखत झाली. सकाळी दही-साखर खाल्ली. घरात वडीलधारं माणूस एकच होतं, तर खाली जाऊन मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं, अंकल, आशीर्वाद द्या. ते गोंधळले. मला दंडाला धरून उठवलं आणि आपल्या हाताची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली. त्यांच्यात तसंच करतात. त्यांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं. मुलाखतही चांगली झाली.

दोन आठवड्यांनी मी दुकानाबाहेर रांगेत उभी होते, तर तो नगरसेवक कुत्र्यासकट थांबला.

"तूच ना वकीलबाई? त्यांनी दिलेलं पत्र मी पोचवलं हो. दोन पानं. काय हस्ताक्षर आहे त्या माणसाचं. काळजी नको, ग्रँड होईल सगळं."

मी रांग सोडून घरी आले. अंकल कपड्यांच्या घड्या घालत होते.

"तुम्ही पत्र लिहिलंत?"

"लिहिलं."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तू आलीस, वाकलीस, हात कपाळाला लावून घेतलास. आता तोंडानेही मागायला लावायचं? तसं लावत नसतात, अ‍ॅटर्नी. अपमान होतो येणाऱ्याचा."

"आम्ही सगळ्यांच्याच पाया पडतो. परीक्षेला जाताना, प्रवासाला जाताना. शेजारच्या आजींच्यासुद्धा."

"मग शेजारच्या आजी काय करतात?"

"काही नाही करत. सुखी राहा म्हणतात."

"एवढंच?" ते खरोखर चकित झाले होते. हातातला टॉवेल तसाच. "मग पडायचं कशाला?"

मी त्यांना जाहिरातीतली ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि खाली बसले. पत्र गेलेलं होतं. गप्प बसावं तर कदाचित कुणी उघडणारही नाही. उघडलं तर मी बाद. आपणहून सांगावं तर बहुतेक मीच माझा अर्ज फाडल्यासारखं. तीन वेळा हुकलेल्या माणसाची मुलगी मी, आणि माझीच चिठ्ठी कुणाच्या तरी टेबलावर पडलेली.

वडिलांना फोन केला. मला वाटलं ते म्हणतील, सांगून टाक. ते म्हणाले, "तू मागतलं का त्याले? नाही ना? मंग कायले सांगतं? गप राय."

"बाबा, तुम्ही हे म्हणता?"

"मीच म्हनतो. मी एकोनीस वर्सं खरं बोललो. काय भेटलं मले? नोकरी सोडू नोको, बाई."

आई मागून म्हणाली, "त्या बुढ्याले कोनं सांगतलं होतं मधात पडाले?" मी फोन ठेवला. आयुष्यभर ज्या गोष्टीचा राग धरला, तिच्याबद्दल माझे वडील म्हणत होते की मिळत असेल तर घे.

संध्याकाळी अंकल माझ्या दाराशी आले, आत नाही आले. म्हणाले, "मी नोकरीतून कसा निघालो ते तुला सांगितलेलं नाही." मग दारातच उभं राहून सांगितलं. जमिनीच्या खात्यात असताना एका मानसपुत्राची फाइल आली. त्यांनी ओळखलं, सही केली. त्या जमिनीवर दुसरी चार कुटुंबं राहत होती, कोळीच. चौकशी लागली. तुमचं नातं होतं का, असं विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले. लग्नाच्या फोटोत ते नवरदेवाशेजारी उभे होते.

"सहीसाठी नाही काढलं मला. त्या 'नाही'साठी काढलं."

"म्हणजे सही बरोबर होती?"

"ते मला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण तू सांग त्यांना. आजच सांग. आणि मी काही लिहून देऊ का तुला?"

"नको, अंकल."

"बरं. नको."

मी मेल लिहिली. दावे तपासणारी बाई आहे, मला तीन ओळींत लिहिता येतं. माझ्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मला न विचारता माझ्यासाठी शिफारसपत्र पाठवलं आहे. मला ते आज कळलं. अर्जाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पाठवली आणि भात जेवले. मुलीला सगळं कळल्यावर ती वडिलांशी दोन दिवस बोलली नाही. ते बिचारे दोन्ही दिवस तिच्या गाडीची काच पुसत होते.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. त्या दिवसांत नगरसेवक आणि अंकल चालायला जात होते, पण मी खिडकीतून बघायची तर दोघं गप्पच असायचे. उत्तरात लिहिलं होतं: पत्र आलेलं आहे, ते निवड समितीसमोर ठेवलेलं नाही, मुलाखतीचे गुण त्याआधीच दिलेले होते, आपण आपणहून कळवल्याची नोंद घेतली आहे, अर्ज कायम आहे. मी ते अंकलना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या पत्राचा काहीच उपयोग झाला नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांना वाईट वाटलं का सुटल्यासारखं झालं, चेहऱ्यावरून सांगता येईना. मलाही ठरवता येईना की हा माणूस चांगला की वाईट. अजूनही येत नाही. त्यांच्या गावात त्यांनी फुकट लढवलेली भांडणं खरी, ती चार कुटुंबंही खरी. वडिलांना कळवलं तर ते म्हणाले, "बरं झालं." पण आवाजात नाराजी होती, की एवढा धोका कशाला पत्करला.

यादीत माझं नाव तिसरं लागलं, जागा एकच होती. जूनमध्ये विमानं सुरू झाली आणि अंकल गेले. ऑगस्टमध्ये पहिल्या दोघांपैकी एकाने नकार दिला, आणखी एक जागा वाढली, आणि मला बोलावणं आलं.

सप्टेंबर दोन हजार एकवीसपासून मी आयर्लंड सरकारच्या नोकरीत कायदा विभागात अधिकारी आहे. ही नेमणूक मला मुलाखतीतल्या गुणांवर मिळाली.