माल हवेत आहे तोवर

अप्पांना चहा दिला की ते लगेच पीत नसत. कप आधी वीतभर उचलायचे, तिथंच थांबवायचे, आतल्या चहाकडं एकदा बघायचे आणि मग चहा देणाऱ्याकडं. देणाऱ्यानं स्वतःच्या कपातला घोट घेतला की मगच यांचा कप पुढं सरकायचा. नोकरीच्या पहिल्याच सकाळी मी मोठ्या प्रेमानं त्यांना चहा नेऊन दिला आणि फोन आला म्हणून माझा कप तसाच ठेवून बाहेर गेलो. परत आलो तर अप्पा कप हातात धरून उभे. चहावर साय धरलेली.

"सायेब, तुमी घेतला न्हाय," ते म्हणाले.

हा प्रश्न नव्हता. आपण दिसायला विष घालणाऱ्यासारखे आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमचा कारखाना ढोकीच्या रस्त्याला. ऊस वाहायच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आम्ही बनवतो. लांबलचक पत्र्याची शेड, छताखाली दोन्ही बाजूंना रूळ आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारी क्रेन. तिचा बटणांचा डबा केबलला लोंबत खाली यायचा आणि तो डबा अप्पांच्या हातात असायचा. दुसऱ्या कुणाच्या हातात तो मी बघितलाच नव्हता. लघवीला जातानासुद्धा अप्पा क्रेनचा मेन स्विच पाडून, त्याला कुलूप घालून, किल्ली करदोट्याला अडकवून जायचे.

मूळचे ते माकणीकडचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. माणसांशी मराठीत भांडायचे आणि क्रेनशी कन्नडमध्ये बोलायचे. हूक खाली घेताना "बा, बा" म्हणजे ये, ये. जागेवर आला की "साकु". पुरे. मी एकदा विचारलं, "अप्पा, तिच्याशी मराठीत का बोलत नाही?"

"तिला मराठी कळाय लागली तर तुमच्याशी बोलंल," अप्पा म्हणाले. "मग माझं काय ऐकती?"

माल उचलायची त्यांची पद्धत चहासारखीच. ट्रॉलीचा सांगाडा पट्ट्यांत अडकवला की वीतभर उचलायचे आणि थांबायचे. मग त्याच्याभोवती फेरी. मुलगी बघायला आलेल्या पोराकडं बाप जसा बघतो, तसं त्या सांगाड्याकडं तिरकं बघायचे. पट्टा स्वतः वेल्डरनं अडकवला असला तरी त्याला मागं ढकलायचे. वेल्डर कुरकुरला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "माल हवेत हाय तोवर सख्खा भाऊ बी चुलत."

हे वाक्य शेडमध्ये इतकं मुरलं होतं की आमचा पेंटर दगडू, येरमाळ्याचा, बायकोचा फोन आला तरी म्हणायचा, "थांब गं, माल हवेत हाय."

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा. वेल्डिंग मशीनला कुंकू, ग्राइंडरला फूल, पूजा झाली की त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. क्रेनचा हार दरवर्षी खाली, हुकाला घालायचे. मला ते बरं दिसेना. एवढी वर असलेली क्रेन आणि हार ढोपराएवढ्या उंचीवर? मी शिडी लावून वर चढलो आणि झेंडूचा जाड हार हूक ज्याला लोंबतो त्या गाड्यापाशी एका छानशा दांडीला आवळून बांधला. ती दांडी जणू हारासाठीच केलेली होती. खरं तर ती केली होती हूक फार वर गेला की मोटार आपोआप बंद पडावी म्हणून. हाराच्या सुतळीनं मी ती करकचून बांधून टाकली.

दसऱ्यानंतर अप्पांनी रिवाजाप्रमाणे आधी रिकामा हूक वर सोडला. तो थांबायच्या जागी थांबला नाही. अप्पांनी लाल बटण दाबलं तेव्हा हूक हारात शिरला होता आणि शेडमध्ये झेंडूचा पाऊस पडत होता.

पुढचे दोन दिवस चौकशी. अप्पांनी वॉचमनला धरलं, दगडूला धरलं, नारळ फोडायला आलेल्या पुजाऱ्याला फोन करून दमात घेतलं. कुणी घातपात केला, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. शेवटी मीच सांगितलं की हार मी बांधला.

"चूक माझीच," अप्पा म्हणाले. "शिकल्यालं माणूस हारासाठी शिडी चढत न्हाय, आसं धरून तुमाला सोडलं. आता न्हाय सोडणार."

तेव्हापासून मी क्रेनखालून गेलो की ते आधी माझे हात बघायचे.

आता संशय ही खरुजेसारखी गोष्ट. जवळ राहणाऱ्याला लागते. थंडीत आमच्याकडची, ट्रॉलीच्या सांध्यांत बसवायच्या पितळी बुशांची एक पेटी गायब झाली. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "आतलंच कुणीतरी आहे. जरा डोळे उघडे ठेवा." मी ठेवले. आणि त्यांना अप्पाच दिसायला लागले.

एक तर अप्पा हल्ली सगळ्यांच्या आधी यायचे आणि शेडचं दार आतून लावून घ्यायचे. दुसरं, त्या वेळात ते शेडमधल्या कॅमेऱ्यावर पंचा टाकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तो रोज माझ्यावर नजर ठिवतो. त्याला बी इसावा पायजे." आणि तिसरी गोष्ट दगडूनं दाखवली: अप्पांचा जेवणाचा डबा. अॅल्युमिनियमचा डबा दर आठवड्याला जास्त चेपत चालला होता. झाकण बसेना, भाकरी बाहेर डोकवायची.

"सायेब, ह्यांच्या डब्यातली एक मिरची गेली तरी आख्ख्या शेडची झडती हुती," दगडू कुजबुजला. "आन डबा चेपला तरी गप. मला न्हाय बरूबर वाटत."

मलाही नाही वाटलं. बुश डब्यात कोंबून नेत असणार, म्हणूनच तो असा. मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. रंगाचं पुढं कळेलच.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्याही आधी पोहोचलो आणि एका ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्याला पाठ लावून दबा धरला. थोड्या वेळानं अप्पा आले. दार लावलं, पंचा टाकला, क्रेनच्या स्विचचं कुलूप काढलं. त्यांनी पिशवीतून डबा काढला, फडक्यातली भाकरी बाजूला ठेवली आणि रिकामा डबा शेडच्या मधोमध जमिनीवर ठेवला. मग लांब जाऊन उभे राहिले, डावा डोळा तळहातानं झाकला आणि हूक खाली सोडला. "बा, बा." डब्याच्या वीतभर वर हूक थांबला. "साकु."

हूक पुन्हा वर गेला. आता त्यांनी उजवा डोळा झाकला. "बा, बा." हूक आला, डब्याला टेकला आणि झाकण कर्र करत आत गेलं. अप्पांनी "साकु" म्हटलंच नाही. पुन्हा वर, पुन्हा उजवा झाकून खाली. या वेळी डबा कलंडला.

मी हललो असणार. फळा वाजला.

"कोन हाय?"

मी बाहेर आलो. अप्पांनी मला पुढून बघितलं, मग बोटानं वळायला सांगितलं. फळ्याला दगडूनं आदल्या संध्याकाळी लाल रंग मारला होता आणि तो माझ्या नव्या जर्किनवर मानेपासून कमरेपर्यंत उतरला होता.

"चोर धराय आलता व्हय?"

"हो."

"घावला का?"

"नाही, अप्पा."

"मला घावला," असं म्हणून त्यांनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो. महिनाभर झडती घेतोय ह्याची. लांबचं सांगतोय, पर खोटं सांगतोय. सख्खा डोळा, सायेब. चुलत निघाला."

या माणसाचं सगळं आयुष्य त्या लोंबत्या बटणांच्या डब्याला बांधलेलं. तो हातातून गेला की शेडमध्ये अप्पा कोण? मी म्हणालो, "अप्पा, एक डोळा चांगला आहे ना. मी कुणाला सांगत नाही. रिटायर होईपर्यंत तसंच चालवू."

माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वात मोठी, आणि ती मी अगदी मायेनं केली. अप्पांचा चेहरा कठीण झाला.

"तसंच चालवू? मघाशी डबा हुता. दुपारी तिथंच दगडू बसून बिरश धुतो. आन तुमी गप ऱ्हाणार? हार बांधला तवा बरं हुता तुमी."

दार त्यांनीच उघडलं. माणसं आली तेव्हा अप्पा मेन स्विचपाशी उभे होते. कुलूप लावलेलं, किल्ली हातात. मालक आले तसे त्यांनी किल्ली पुढं केली आणि सगळ्यांदेखत, ट्रॉली नापास करावी तशा आवाजात सांगितलं, "एका डोळ्याला अंतर कळंना. आजपास्नं म्या उचलणार न्हाय." दगडूनं आपलं बसायचं पोतं हळूच ओढून भिंतीकडं घेतलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, राहिलेली सांभाळायची. अप्पांचा त्यांच्यावर विश्वास बसेना म्हणून लातूरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितल्यावर अप्पा म्हणाले, "एकमेकाला फोन केला आसंल." पण थेंब दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारून नेमानं घालायला लागले.

बुशांची पेटी माझ्याच टेबलाखाली सापडली. पाय ठेवायला बरी म्हणून मीच ओढून घेतली होती.

नोकरी सोडून माकणीला परत जायच्या दिवशी मी अप्पांना चहा दिला. त्यांनी कप वीतभर उचलून थांबवला. मी मुकाट्यानं माझा घोट घेतला, मग त्यांनी त्यांचा. जाताना पिशवीतून तो चेपका डबा काढून त्यांनी जमिनीवर ठेवला आणि बटणांकडं मान हलवून मला म्हणाले, "उतरवा."

मी दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून हूक खाली घेतला. डबा पार चपटा झाला.

"तुमचं तर दोनी बी चुलत," अप्पा म्हणाले. मग दगडूकडं वळले. "ह्यांच्या हातात कवा देऊ नगा." डबा त्यांनी उचलला नाही. लेकीनं नवा दिला होता म्हणे.

आता क्रेनवर नवा ऑपरेटर आहे. तरुण, प्रमाणपत्र घेतलेला, हात हलका. पहिल्या सकाळी मी तो डबा ठोकून सरळ केला आणि शेडच्या मधोमध ठेवला. म्हटलं, पहिला माल उचलायच्या आधी रोज रिकामा हूक याच्या वीतभर वर थांबवून दाखवायचा. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो.

त्याला राग आला असावा. "साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?"

"न्हाय," मी म्हणालो.