पांढऱ्या फरशीवरचे हळदीकुंकू

मुदखेडच्या रस्त्यावर कोंबडीचे मांस तयार करणारा एक कारखाना आहे. तिथे सिंधु कित्येक वर्षे एकच सेवा करत आली: साखळीला टांगून समोरून सरकणारी कोंबडी निरखायची, डागाळलेली, रक्त साकळलेली बाजूला काढायची. कुणाच्या तरी लेकराच्या ताटात हे पडणार. मग नजर चुकून कसे चालेल? कामाआधी ती हात जोडायची, आणि शेजारणी हसायच्या.

"सिंधुकाकू, कोंबडीला काय नवस बोलून राहिल्या?"

"खाणाऱ्यासाठी बोलते गं!"

पण तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरू लागला होता. तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. नेमके तेव्हाच कारखान्यात कोंबडी तपासून खराब ती बाजूला ढकलणारे कॅमेऱ्याचे यंत्र आले. ते बसवणारी तरुण इंजिनिअर धम्मप्रिया सांगत होती, "आपल्याला दिसत न्हाईत असे शेकडो रंग ह्याला दिसतात. कातडीखालचा मारसुद्धा ओळखतो." सिंधुने त्यातून एवढेच ऐकले, की आता आपले काम सुटणार.

तरीही खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा करताना तिने या नव्या पाहुण्याला वगळले नाही. मन खट्टू होते, पण हात आखडला नाही! पुसण्यासाठी कॅमेऱ्याच्या पेटीचे दार उघडले होते. आत तळहाताएवढी शुभ्र फरशी. जणू देवासाठी मांडलेला पाटच. त्या फरशीवर तिने हळद वाहिली, कुंकू वाहिले, आणि दार लावून घेतले.

दसऱ्याची सुट्टी संपली. साखळी फिरली. यंत्राने पहिली कोंबडी बाजूला ढकलली, दुसरी ढकलली, पाहता पाहता सगळ्याच ढकलल्या! धम्मप्रिया वायरी तपासून घामाघूम झाली. व्यवस्थापक शेषेराव वैतागले.

"ताई, दुपारच्या गाडीत हे परत न्या. आमच्या बायकांचे डोळेच बरे."

सिंधुच्या जिवात जीव आला. काम वाचले! नुसते गप्प राहायचे होते. पण सुट्टीआधीच एक काळीनिळी पडलेली कोंबडी तिच्या नजरेतून निसटली होती, शेजारणीने ती गुपचूप काढली होती. रोज जोडलेले ते हात तिला आठवले.

"साहेब, थांबा. पेटीतल्या फरशीवर मी हळदीकुंकू वाहिलं."

"काकू, मिशिनीची ओटी भरली का काय तुम्ही?" शेषेराव म्हणाले.

धम्मप्रियाने दार उघडले आणि तिला हसू आवरेना. "अहो, ही फरशी पाहून हे यंत्र रोज ठरवतं, पांढरं म्हणजे काय. तेच पिवळं झालं, मग कोंबडी कशी बरोबर दिसंल?"

"म्हणजे त्याची नजर चांगली हाय?"

"हाव, लई चांगली."

"माझी न्हाई," सिंधु हळूच म्हणाली. "मोतीबिंदू हाय. सांगायला भ्याले."

मग धम्मप्रिया शेषेरावांकडे वळली. "हे नुसतं बाजूला काढतं, साहेब. काढलेली हातात घेऊन, उजेडात उलटूनपालटून ठरवायला माणूस लागतोच. ते काम बसून होतं."

शेषेरावांनी मान हलवली. "आधी नांदेडला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून या, काकू. जागा तुमचीच."

आज सिंधु चष्मा लावून सकाळी आधी ती फरशी पुसते, मऊ फडक्याने, लेकराचे तोंड पुसावे तशी. हळदीकुंकू आता यंत्राच्या लोखंडी पायाला लागते. मग ती हात जोडते.

"बघ बाबा नीट. पुढचं मी बघते."