नऊ कोनशिलांचा पूल

कल्लवाडीचा चन्नप्पा पाथरवट माणसाची पत त्याच्या गाडीवरून किंवा धोतरावरून ठरवत नसे. नावाच्या आधी आणि नंतर किती बिरुदं लागतात ते तो मोजायचा. मा., श्री., रा. रा., कृषिभूषण, शिक्षणप्रेमी, सभापती, चेअरमन. जितकी बिरुदं जास्त, तितका माणूस आतून पोकळ, हे त्याचं ठाम मत होतं. तरीही बिरुदांवर त्याचा राग नव्हता, कारण त्याला अक्षराला चार आणे मिळत. ‘शिक्षणप्रेमी’ म्हटलं की त्याच्या घरात एक वेळचं तेल यायचं.

हा धंदा त्यानं हौसेनं धरला नव्हता. बापजाद्यांपासून घरात जाती, पाटे, उखळं घडवायचं काम. चन्नप्पाच्या जात्याचं पीठ हातात घेतलं तर भुकटीसारखं लागायचं आणि अक्कलकोटच्या बाजारात त्याचा माल दुपारपर्यंत संपायचा. मग गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे हात सुटले ते बरंच झालं, पण चन्नप्पाची जाती अंगणात पावसात भिजत पडली. तेवढ्यात सरकारनं विकास काढला. समाजमंदिर, बालवाडी, बंधारा, पाझर तलाव, जे काही व्हायचं त्याची सुरुवात दगडानं व्हायची, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटही तिथंच व्हायचा. दगड मात्र लागायचाच. जिल्ह्याचा विकास झाला की नाही देव जाणे, चन्नप्पाची चूल मात्र त्यावर पेटली.

त्याला वाचता येत नव्हतं. ओव्हरसियर चिठ्ठी देई, शाळेचे मास्तर खडूनं दगडावर अक्षरं काढून देत आणि चन्नप्पा छिन्नीनं ती कोरून काढी. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे पानाफुलासारखी एक नक्षी. पुढे त्याची थोरली पोरगी विजयमाला लिहायला शिकली, तेव्हा खडू तिच्या हातात आला. तिचं अक्षर मास्तरांपेक्षा देखणं होतं. दगडावर गुडघे टेकून ती मन लावून अक्षरं काढायची आणि चन्नप्पा हातातलं काम थांबवून बघत बसायचा. ही पोरगी मास्तरीण होणार, हे त्यानं त्या गुडघ्यांकडे बघूनच ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच होती. पाथरवटांची पंधरा घरं ओढ्याच्या अलीकडे आणि गाव पलीकडे. वस्तीवर चौथीपर्यंतची एकशिक्षकी शाळा, पाचवीपासून पुढची गावात. ओढा आठ महिने कोरडा ठणठणीत, पण भादव्यात वरच्या माळावर पाऊस कोसळला की महिना-दीड महिना छातीइतकं पाणी. आजारी माणूस, बाळंतीण, शाळेचं पोर, सगळे अलीकडे अडकून पडत. वस्तीला एक फरशी पूल हवा होता. फार मोठा नव्हे. आठ-दहा नळे टाकायचे, वर दगडी फरशी.

हा पूल त्र्याहत्तर सालीच आराखड्यात आला होता, हे सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर सरकारवर अन्याय होईल. आदल्या दुष्काळात इथली माणसं मैलोन् मैल खडी फोडत होती, तेव्हा कुणा अधिकाऱ्याला दया आली असावी. मोठा कार्यक्रम झाला. चन्नप्पानं भूमिपूजनाची कोनशिला घडवली, काळ्या दगडाची, वीतभर जाड. पाहुण्यांनी नारळ फोडला आणि जनतेनेही आपला वाटा उचलावा असं सांगितलं. जनतेनं उचलला. वस्तीतल्या बायापुरुषांनी सलग बारा दिवस श्रमदान करून ओढ्याकाठी दगडगोट्यांचा ढीग रचला. तेरा दिवसांनी ट्रक आला आणि ढीग घेऊन गेला. पाहुण्यांच्या गावच्या रस्त्याला खडी कमी पडत होती.

त्या वर्षी पुलासाठी शंभर रुपयांची तरतूद झाली. शंभर रुपयांत पूल कसा होणार, असं चन्नप्पानं सरपंच हिंदुरावांना विचारलं. हिंदुरावांनी मिशीला हात लावून समजावलं की ही टोकन तरतूद असते, म्हणजे पूल आराखड्यात जिवंत राहतो. पुढच्या वर्षीही शंभर रुपये आले. पूल जिवंत राहिला आणि वस्तीचा एक म्हातारा पलीकडच्या दवाखान्यात पोचू न शकल्यानं मेला.

पंचाहत्तरला पंचायत समितीचा सभापती बदलला. जुन्या सभापतीच्या नावाच्या दगडावर नवा सभापती नारळ फोडणार थोडाच! दुसरं भूमिपूजन झालं, दुसरी कोनशिला झाली. पहिली उपटून बाभळीखाली फेकलेली होती. चन्नप्पाची बायको भीमाबाई तिच्यावर धुणं धुवायला लागली. त्याच वर्षी विजयमाला पाचवीत गेली आणि ओढ्यात पाय घसरून दप्तरासकट वाहता वाहता वाचली. दुसऱ्या दिवशी चन्नप्पानं चार गडी बोलावले, तो दगड पहारीनं लोटत नेला आणि काठालगतच्या खोल जागी छातीइतका गोट्यांचा ओटा रचून त्यावर बसवला. निदान पहिलं पाऊल तरी पोरीनं कोरड्या जागी टाकावं. जुन्या सभापतीची बिरुदं वर होती. त्यांच्यामुळे पाय घसरत नव्हता, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा उपयोग.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये ओव्हरसियर उंबरजे सायकल ढकलत वस्तीवर आला. हा गडी वर्षभर दिसायचा नाही, पण मार्च लागला की त्याला प्रत्येक वस्तीचा कळवळा यायचा. एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवला नाही तर निधी परत जातो, या एकाच भीतीनं त्याला सायकलवर बसवलेलं असे.

या वेळी त्यानं एक नव्हे, दोन चिठ्ठ्या काढल्या.

“दोन दगड कशाला, साहेब?” चन्नप्पानं विचारलं.

“यंदा काम पक्कं झालं. पूर्ण तरतूद पडली आहे. सत्तावीस तारखेला पाहुणे येतायत. चार दिवसांत घडव.”

तो गेला. विजयमालानं चिठ्ठ्या वाचल्या आणि खडू तसाच हातात धरून बसली.

“बाबा, एकीवर भूमिपूजन लिवलंय. दुसरीवर उद्घाटन.”

“मग?”

“उद्घाटन म्हंजी पूल झाला, असं. आन् तारीख दोन्हीवर एकच हाय. सकाळी दहाला भूमिपूजन, साडेदहाला उद्घाटन.”

अर्ध्या तासात पूल बांधणारं सरकार जगात दुसरं कुठं असेल असं वाटत नाही. चन्नप्पा चिठ्ठी घेऊन थेट गावात गेला. उंबरजे हिंदुरावांच्या ओसरीवर चहा पीत होता.

“साहेब, पूल न्हाय आन् उद्घाटन कशाचं?”

उंबरजेनं बशी खाली ठेवली. “हे बघ चन्नप्पा. पाहुणे परत परत येत नाहीत. उद्घाटन झालं की काम पूर्ण दाखवता येतं. पूर्ण दाखवलं की पैसा आपल्याकडेच राहतो, परत जात नाही. एप्रिल-मेमध्ये निवांत बांधू. तुझ्या पोरीसाठीच चाललंय की सगळं. नाहीतर जाऊ दे पैसा परत, मला काय.”

हिंदुरावांनी मान डोलावली. चन्नप्पाला त्या दोघांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण जून जवळ आला होता, पोरगी सातवीत जाणार होती, आणि पूल होईल असं त्याला मनापासून वाटून घ्यायचं होतं. तो घरी आला आणि त्यानं छिन्नी उचलली. आयुष्यभर बाकीच्यांना नावं ठेवणाऱ्या माणसानं त्या चार दिवसांत स्वतःच्या हातानं एक धडधडीत खोटं कोरलं. ‘उद्घाटन’ या शब्दातलं जोडाक्षर त्याला नेहमी त्रास द्यायचं. या वेळी ते पहिल्या फटक्यात साधलं.

सत्तावीस तारखेला दोन नारळ फुटले, दोन फिती कापल्या गेल्या. दुसरी फीत नेमकी कशावर बांधायची हे कुणाला सुचेना, म्हणून ती दोन बाभळींना बांधली. पाहुण्यांनी ती कापली, ओढ्याच्या कोरड्या वाळूतून पलीकडे गेले आणि टाळ्या झाल्या. वस्तीनंही वाजवल्या.

एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये चन्नप्पा एसटीनं सोलापूरला कचेरीत गेला. विजयमालाला सोबत नेलं, कारण कागद वाचायला कुणीतरी हवं. कारकुनानं यादी काढून बोट ठेवलं. विजयमालानं वाचून दाखवलं : कल्लवाडी फरशी पूल, काम पूर्ण.

“पूल न्हाय, साहेब,” चन्नप्पा म्हणाला.

“आहे की.” कारकून शांत होता. “उद्घाटनाची कोनशिला आहे ना तिथं?”

“हाय.”

“तू पाहिलीस?”

“म्याच घडवली.”

“मग?” कारकून म्हणाला आणि त्यानं यादी मिटली. “पूर्ण झालेलं काम पुन्हा आराखड्यात घेता येत नाही. नियम आहे.”

चन्नप्पाला आजवर चिडायला माणसं मिळत गेली होती. सभापती, उंबरजे, हिंदुराव. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा स्वतःचीच शिसारी आली. टोकन तरतुदीवर का होईना, पूल चार वर्षं जिवंत होता. त्याला मारला तो चन्नप्पाच्या छिन्नीनं.

भादव्यात ओढा आला आणि चाळीस दिवस हटला नाही. विजयमाला रोज सकाळी दप्तर घेऊन काठावर जायची, त्या एका दगडावर उभी राहायची आणि परत यायची. पाणी उतरलं तेव्हा हजेरी भरत नाही म्हणून हेडमास्तरांनी पटावरून तिचं नाव कमी केलं होतं. चन्नप्पानं त्यांचे पाय धरले. हेडमास्तर भला माणूस होता, म्हणाला, “पूल झालाय असं वर लेखी आहे चन्नप्पा. पुराचं कारण मी कुठल्या तोंडानं लिहू?”

विजयमाला रडली नाही. चन्नप्पाच रडला, गोठ्यात जाऊन, बाईमाणसासारखा हुंदके देत. दुसऱ्या दिवसापासून पोरगी आईबरोबर खुरपायला जायला लागली. दगड आला की तेवढ्यापुरता खडू हातात घ्यायची.

त्या दिवाळीत चन्नप्पानं उरलेल्या तिन्ही कोनशिला उपटल्या. हिंदुराव ओरडत आले, सरकारी मालमत्ता आहे म्हणाले. “मालमत्ताच जागेवर ठिवतूय की, तुमी कशाला तरास घेता?” असं म्हणून त्यानं तिन्ही दगड ओढ्यात पहिल्याच्या पुढं एका रेषेत तसेच ओटे रचून बसवले, अक्षरं वर करून. चार दगड झाले. ओढा साधारण अर्धा झाला. त्यापुढं पाणी.

एकोणऐंशीच्या मेमध्ये वरून तपासणी निघाली. झालेली कामं जागेवर आहेत की नाहीत ते बघायला एक तरुण साहेब जीपनं येणार होता. उंबरजेच्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या दिवशी येऊन त्यानं ओढ्यातले दगड बघितले, आणि बघता बघता त्याचा चेहरा उजळला. इतकी अक्कल या माणसानं कधी कामावर खर्च केली असती तर जिल्ह्यात एक ओढा मोकळा राहिला नसता.

साहेब आला. कोरड्या पात्रात ओट्यांवर चार दगड एका ओळीत.

“पूल कुठे आहे?”

“हाच, सर,” उंबरजे म्हणाला. “फरशी पूल. पुरानं पलीकडचा अर्धा भाग वाहून गेला.”

साहेबानं बूट टाकत चार दगड पार केले. दोन सभापती, एक चेअरमन आणि एक शिक्षणप्रेमी त्याच्या टाचेखालून गेले. त्यानं खाली वाकून वाचलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. पण ऊन फार होतं. त्यानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं : काम अस्तित्वात आहे, दुरुस्ती आवश्यक.

चन्नप्पा बाभळीखाली बसून सगळं बघत होता.

पुढच्या मार्चची वाट न बघता उंबरजे दिवाळीआधीच सायकल ढकलत आला. दुरुस्तीसाठी टोकन तरतूद पडली होती. दुरुस्तीचं भूमिपूजन करायचं होतं. त्यानं चिठ्ठी पुढं केली आणि नजर दुसरीकडं वळवली. चन्नप्पा आता शिव्या घालणार, दगड घडवायला नाही म्हणणार, अशी त्याची खात्री होती.

चन्नप्पानं चिठ्ठी विजयमालाकडं दिली. मग शांतपणे विचारलं, “दगड केवढा धरलाय एस्टिमेटात?”

“नेहमीचा. दीड बाय दोन.”

“न्हाय. तीन बाय दोन लिवा. वीतभर जाड. आन् बिरुदं लई घाला, खरबरीत हुतंय, पाय सरकत न्हाय.”

उंबरजेला काही कळेना. चन्नप्पा उठला आणि त्याला ओढ्याकाठी घेऊन गेला. त्यानं चार दगडांकडे बोट केलं, मग त्यांच्यापुढच्या वाळूवर पाच पावलं मोजून दाखवली.

“सात वर्सांत मधापातूर आलोय. आजून पाच दगड पायजेत. तुमच्या साहेबांना सांगा, पूल बांधायचं मनावर घिऊ नगा. फकस्त दरसाल यिऊन नारळ फोडून जावा.”

मागं घराच्या दारात भीमाबाई धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी सहा महिन्यांची होती. चन्नप्पानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा उंबरजेकडं वळला.

“थोरलीचं राहिलं. ही पाचवीत जायला आजून धा वर्सं हायती. तवर पल्याड पोचतूय आमी.”