फावडं मारलं तरच सवलत

यतीनने मीटिंगमध्ये तोंड उघडलं आणि टेक्सासमधला अख्खा सौरप्रकल्प तोक्योत बसल्याबसल्या आडवा केला.

त्याची चूक एवढीच, की तो खरं बोलला. अमेरिकेत सौरप्रकल्प उभारला की सरकार करात सवलत देतं. त्या भरवशावर त्याची जपानी कंपनी पैसा घालणार होती. पूर्वी थोडं सामान विकत घेऊन गोदामात टाकलं, तरी 'काम सुरू झालं' असं धरत. आता नियम बदलला होता. जुलैच्या सुरुवातीआधी जागेवर खरोखर काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर सवलत जवळजवळ हातची गेली. हे यतीनने भर मीटिंगमध्ये विभागप्रमुख किटामुरा-सानना पडद्यावर लाल अक्षरांत दाखवलं. त्यांनी दातांतून 'स्स्स' करून हवा आत ओढली. जपानी साहेबाने अशी हवा ओढली की फाइल बासनात गेली समजावं.

इथे मीटिंगमध्ये काही ठरत नाही. ठरायचं ते आधी एकेकाला गाठून, हळूच कानावर घालून ठरतं. मीटिंगमध्ये नुसत्या अक्षता टाकायच्या. यतीनने ऐन अक्षतांच्या वेळी वरबापाला विचारलं होतं, "पत्रिका पाहिलीत का?"

त्याच्या वरिष्ठ संपदाताईंनी बाकी सगळ्यांना गाठून ठेवलं होतं. उरले होते किटामुरा-सान. त्यांना दुसऱ्या दिवशी सोबा नूडल्स खायला नेऊन ताई हेच सांगणार होत्या.

संध्याकाळी दोघं एकाच ट्रेनने निघाले. इथल्या ट्रेनमध्ये मोठ्याने बोलत नाहीत, त्यामुळे ताईंनी यतीनला कुजबुजत झापलं. कुजबुजीत एवढी धार असते हे त्याला माहीतच नव्हतं.

"लाल अक्षरं? लाल? त्यांना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस!"

"ताई, मला वाटलं घाई आहे..."

"घाई आहे म्हणूनच मी तीन महिने हळू चालले होते, गाढवा!"

यतीनचं कसाई स्टेशन आलं आणि गेलं. ताईंचं वाक्य पुरं झालं नव्हतं. उतरायची त्याची छाती झाली नाही. ताईंच्या उरायासु स्टेशनबाहेर पडल्यावर सायकलींच्या रांगेपाशी ताईंनी एकदाचा आवाज सोडला. एक आजोबा सायकल तिथेच टाकून गेले.

तसा ताईंचा राग सगळ्यांच्या ओळखीचा. चुकीच्या दिवशी कचरा ठेवणाऱ्या शेजाऱ्याला दारात जाऊन सुनावतात आणि दिवाळीला त्याच्याकडेच चकल्या पाठवतात. लेक अपूर्वा तर आईचा सूर चढला की "उरुसाई!" म्हणत, म्हणजे 'गोंगाट नको' असं बजावत, दार लावून घेते. पण आजचा राग वेगळा होता. यतीनने भीतभीत विचारलं, "ताई, प्रकल्प कंपनीचा. तुम्ही एवढं का लावून घेता?"

"माझे बाबा पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करायचे," ताई म्हणाल्या. "शहरातल्या शेठ लोकांनी कर वाचवायला त्या उभ्या केल्या होत्या. नियम बदलला, कर वाचेना, तसं शेठ लोकांनी वंगणाचे पैसेसुद्धा पाठवणं बंद केलं. वारा भणाणतोय आणि चक्की उभी! बाबा रोज वर जाऊन शिव्या घालून यायचे. शेठला, सरकारला, चक्कीलासुद्धा. नियम करणाऱ्यांना वाऱ्याशी घेणं नाही, ना उन्हाशी. आज देतील, उद्या काढून घेतील. त्यांनी काढून घ्यायच्या आत एकदा तरी मला फावडं मारायचंय. आणि तू लाल अक्षरं काढतोस!"

दुसऱ्या दिवशी यतीन माफीची भेट म्हणून योकान या जपानी मिठाईचा डबा घेऊन किटामुरा-सानपुढे कमरेत वाकला. त्यांनी डबा ठेवून घेतला आणि म्हणाले, "आता सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून विचारायला हवं." ताईंनी हसून मान डोलावली. खाली मुठी मात्र अशा वळल्या होत्या, की यतीन दोन पावलं मागे सरकला.

मग ताई पुन्हा एकेकाला गाठत सुटल्या. लिफ्टमध्ये गाठलं, जेवणाच्या रांगेत गाठलं, एकाला तर दंतवैद्याच्या दारात. प्रत्येकाशी मऊ बोलायच्या आणि वळल्या की मराठीत पुटपुटायच्या. इतके दिवस घालवून अखेर शिक्का पडला, पण अर्ध्याच प्रकल्पावर. बाकीच्यासाठी आता वेळ नाही, असं किटामुरा-सान अत्यंत नम्रपणे म्हणाले. वेळ कुठे गेला, हे अर्थातच कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये टेक्सासहून व्हिडिओ आला. पिवळं यंत्र माती उकरत होतं. ताई तो उभ्याउभ्या पाहत राहिल्या. पदर असता तर डोळ्यांना लावला असता. जॅकेटच्या बाहीवर भागवलं.

यतीनला धीर आला. "ताई, निम्मं तर वाचलं! आता तरी राग गेला ना?"

"राग गेला तर उरलेलं निम्मं कोण उभं करणार, तू?"