विहिरीवरून भांडण

तोंडी परीक्षेला मी अकोल्याहून अमरावतीला गेले, ती बाबांसोबत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी आमचा भाजीचा मळा होता. नापास झाले तर येत्या लग्नसराईत मला उजवून टाकायचं, हे घरात ठरलेलं. मला मात्र शिकायचंच होतं, आणि तेही असलं जगावेगळं: मध्ययुग. इतिहास, मराठी आणि फारसीच्या तीन सरांनी हौसेनं एकत्र चालवलेला तो वर्ग. आज अशा अभ्यासाला विद्यापीठात मोठमोठी नावं आहेत. पण एका पानाच्या डब्याभोवती बसलेले ते तिघं आठवले की अजून गलबलून येतं. त्यांचं एकमेकांवाचून चालत नसे आणि पटतही नसे.

मी बार्शीटाकळीकडच्या एका जुन्या पायविहिरीवर प्रबंध लिहिला होता. तिच्या एका भिंतीत फारसी लेख कोरलेली शिळा, समोरच्या भिंतीत मराठी. परीक्षा सुरू होते न होते तोच इतिहासाचे सर सहज म्हणाले, "फारसी शिळा आधीची." झालं! मराठीचे सर उसळले. फारसीचे सर डबा उघडून सावरून बसले. "तुम्ही सांगा हो," म्हणत प्रत्येक जण मला आपल्याकडे ओढू लागला. मी आधी भीत भीत बोलले, मग तावातावानं. दोन्ही दगड एकाच थरातले आहेत, विहीर बांधतानाच बसवलेत, मी खाली उतरून पाहिलंय. तुमच्यापैकी कोणी उतरलंय का? हे शेवटचं तर चांगलंच मोठ्यानं.

तेवढ्यात शिपाई खोली बंद करायला आला.

"सर, मला तर एकही प्रश्न विचारला नाही," मी रडवेली होऊन म्हणाले.

"मघापासून आपण चौघं भांडतोय, ते काय मग?" फारसीचे सर हसले. "पास आहात. जा."

'चौघं' म्हणाले ते. पुढे कुठल्या पदवीनं मला इतकं सुख दिलं नाही.

बाहेर बाबा सरांसाठी आणलेली पेरूंची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीतून माझा आवाज ऐकून चेहरा पार उतरलेला.

"मास्तरायसंग भांडली? आता तुले कोन पास करते?"

"केलं ना बाबा. भांडली म्हनूनच केलं."

बाबा उठून उभे राहिले. मग टोपली माझ्या हातात देत म्हणाले, "जा, सरायले पेरू दे. अन् अशीच भांडत जाय."