पंधरा दिवसांचं गवत

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत गेली कित्येक वर्षं तीच तीन झाडं आहेत. जाड, गडद हिरव्या पानांची, दगडाला धाग्याने बांधलेली. ती वाढतात की नाही हे मला अजून कळलेलं नाही, पण मरत नाहीत एवढं नक्की. पाहुणे विचारतात, ‘खरी आहेत का हो?’ मी हो म्हणते आणि चहाचं विचारते. ही झाडं मीच पसंत करून आणली, आणि ती आणल्यामुळे माझ्या वडिलांचं माझ्या घरी दर पंधरा दिवसांनी येणं बंद झालं. भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं.

माझं माहेर आसगावच्या थोडं पुढे, धानाच्या बांध्यांमधलं, भातखाचरांमधलं, लहानसं गाव. सासर भंडारा शहरात, पुढे कापडाचं दुकान आणि मागे घर. आजेसासऱ्यांच्या वेळी घरात चार माग होते. मागाची खोली होती तीच आता बैठक झाली आहे. दोन्ही घरांत म्हणायला पन्नासेक किलोमीटरचं अंतर, पण बाबांचा एक नियम होता. लेकीच्या घरी कामाशिवाय जायचं नाही आणि रिकाम्या हाताने तर मुळीच नाही. दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, मला न्यायला यायचे, नवा तांदूळ निघाला की त्याने भरलेली चुंगडी घेऊन यायचे. बस. आई गेल्यावर मी फोनवर सारखी म्हणायची, ‘बाबा, येऊन जा ना चार दिवस.’ त्यांचं उत्तर ठरलेलं: “काय काम हाये तिथं माहं?”

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा तिने माशांसाठी घर डोक्यावर घेतलं. मग नवऱ्याने दोन फुटी पेटी, चार गोल्डफिश आणि गुलाबी-निळी प्लास्टिकची झाडं आणली. त्याच हिवाळ्यात बाबा तांदूळ घेऊन आले. चहाचा कप हातात तसाच धरून बराच वेळ पेटीकडे पाहत बसले.

“हे काय लावलं, बाई?”

“झाडं हायेत बाबा. प्लास्टिकची. साफ कराले सोपी जातात.”

“मासोईले प्लास्टिकचं गवत? तिले समजत नाही असं वाटलं का तुले?”

मुलगी खो खो हसली. बाबा हसले नाहीत. बरोबर पंधरवड्यानंतर, शनिवारी सकाळी, ते दारात उभे. हातात दुधाची स्टीलची कॅन, धोतराचा सोगा ओला. मला वाटलं गावाकडे काही झालं. कॅनमध्ये गावच्या तळ्यातलं पाणी होतं आणि पाण्यात गवत. दोन जातींचं. एक बारीक पानांच्या चकत्या एकावर एक रचल्यासारखं, शाळेच्या पुस्तकात हायड्रिला म्हणतात ते. दुसरं गच्च, झुबकेदार. त्याला माझ्या मुलीने लगेच कोल्ह्याची शेपटी असं नाव देऊन टाकलं.

ते गवत बाबांनी उगीच ओरबाडून आणलं नव्हतं. मला म्हणाले, मातीत रुतून बसणारं आणलं नाही, तुझ्या पेटीत माती कुठे आहे? तळाशी पिवळं पडलेलं आणलं नाही. फक्त शेंडे खुडले, कारण शेंडा नव्या पाण्यात जीव धरतो. मग बैठकीत मांडी घालून त्यांनी परह्याच्या पेंड्या बांधतात तशा, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या बांधतात तशा, सात-आठ काड्यांच्या जुड्या केल्या. बांधायला सासरच्या जुन्या मागाचं सूत मागून घेतलं, खाली एकेक खडा अडकवला आणि बाही कोपरापर्यंत दुमडून मागच्या काचेपासून पुढे अशा ओळीने जुड्या लावत आले. त्या दिवशी पेटी इतकी देखणी दिसली की दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावून जायला लागली.

गोल्डफिशनी पंधरा दिवसांत निम्मं गवत खाऊन टाकलं. उरलेलं आमच्या अंधाऱ्या खोलीत उंच, विरळ होऊन पानं गाळायला लागलं. मी फोनवर तक्रारीच्या सुरात सांगितलं तर बाबांचा आवाज उजळला. “खाल्लं? खाऊ दे, खाऊ दे. मी येऊन राहिलो ना शनिवारी.”

तेव्हापासून ते दर दुसऱ्या शनिवारी यायचे. पवनीला बस बदलायची, कॅन मांडीवर धरायची. बसमधले लोक विचारायचे, ‘पाटील, दूध काय भाव?’ बाबा झाकण उघडून दाखवायचे. एका बाईने म्हणे, ‘हे कोणाले पाजता?’ असं विचारलं होतं. हे सगळं ते जुड्या बांधता बांधता सांगायचे. हात कामात असले की बाबांना बोलता यायचं. तळ्याचं पाणी किती उतरलं, कोणाच्या बांधीत रोग पडला, घरी माझी वहिनी भाजीत तिखट किती घालते. एकदा जुडी लावताना ओळ वाकडी झाली तर मान न उचलता म्हणाले, “तुही माय परहे लावे तं रेघ नाही हाले.” आईबद्दल ते माझ्याजवळ बोलले असे ते एकदाच.

आता माझी बाजू सांगते, जशी आहे तशी. मला हे सगळं आवडत होतं आणि लाजही वाटत होती. फरशीवर पाणी सांडायचं. गवताबरोबर बारक्या गोगलगायी यायच्या आणि काचेवर चढून बसायच्या. खोलीला तळ्याचा वास यायचा. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. “इवाई आले का बांधी घेऊन?” असं त्या आपल्या व्याह्यांबद्दल पदर नाकाला लावून म्हणायच्या आणि मी हसण्यावारी न्यायची. रात्री मात्र माझ्या डोक्यात ते फिरत राहायचं.

दीडेक वर्षाने एका शनिवारी बाबांनी कॅन टेबलावर ठेवली. टेबलावर लग्नाच्या ऑर्डरची करवती काठाची साडी घडी करून ठेवलेली होती. कॅनचं झाकण सैल होतं. कॅन कलंडली आणि साडीच्या पांढऱ्या अंगावर हिरवट पाण्याचा डाग पसरला. नवरा पटकन म्हणाला, “होते बाबा, असू द्या, धुऊन निघन.” तो खरंच रागावला नव्हता. रागावले मी. सासूबाई दारात उभ्या होत्या, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, “बाबा, जरा पाहून तरी ठेवत जा ना.”

बाबांनी धोतराने टेबल पुसलं. त्या दिवशी त्यांनी जुड्या भराभर लावल्या. मुलीने गोगलगाय दाखवली तर ‘हो’ म्हणाले फक्त.

पुढच्याच आठवड्यात आम्ही नागपूरला मालासाठी गेलो होतो. मी नवऱ्याला मासे विकणाऱ्या दुकानात ओढत नेलं. तिथे पन्नास तऱ्हेची झाडं होती. एकाला खत लागायचं, एकाला दिवा, एकाची दर आठवड्याला छाटणी. मी म्हटलं, दाट दिसेल, माशांना खाता येणार नाही आणि काहीही करावं लागणार नाही असं द्या. दुकानदाराने ही जाड पानांची झाडं काढली. “मॅडम, ये लगाओ और भूल जाओ.” मला अगदी हेच पाहिजे होतं. खरं सांगते, परतीच्या वाटेवर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. बाबांचे गुडघे दुखतात, दोन बसा, उन्हातान्हाचा प्रवास, सगळं वाचेल. साडीचा विचारही डोक्यात होता, पण तो मी गुडघ्यांच्या मागे लपवला.

घरी येऊन लगेच फोन लावला.

“बाबा, आता तुमाले दगदग नाही. नागपूरहून झाडं आणली. काहीच करावं लागत नाही त्यायले. मासे खातबी नाहीत.”



“मरत नाहीत?”

“नाही ना. वर्षानुवर्षं राहतात म्हणे.”

“मंग चांगलं झालं,” बाबा म्हणाले. “चांगलं केलं, बाई.”

ठरलेल्या शनिवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मला आधी काही वाटलं नाही, उलट फरशी कोरडी राहिली म्हणून सुटल्यासारखं झालं. मग एका शनिवारी मुलीने विचारलं, ‘आबाजी काहून येत नाहीत?’ आणि मी म्हटलं, ‘आता झाडांना गरज नाही ना.’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय केलं आहे. तरी मी फोन उचलून ‘या’ म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण नेहमीसारखं, येऊन जा ना चार दिवस, असं. त्यावर नेहमीचंच उत्तर आलं. मंडईच्या वेळी ते आले, तांदूळ घेऊन आले, खुर्चीवर पाहुण्यासारखे बसले. पेटीकडे पाहून म्हणाले, ‘मजबूत हाये’, आणि त्यांना दुपारच्या बसची घाई झाली.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बाबांच्या हातात काठी आली, बसमध्ये चढणं थांबलं. गोल्डफिश केव्हाच मेले होते. पेटीत बारके मासे होते आणि ते गवताला तोंडही लावत नसत. तेव्हा मला अक्कल सुचली. एका शनिवारी मी एकटीच माहेरी गेले, हातात प्लास्टिकचा डबा घेऊन.

“बाबा, नागपूरची झाडं मेली. तळ्यातलं गवत पाहिजे.”

खोटं बोलले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी घेतली. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ते बसले आणि मी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरले.

“ते नको, त्यात शेवाळ हाये. तिकडलं घे, झुबकेदार. शेंडा खुड, ओढू नको. अशी कशी ओढतं तू? शेतकऱ्याची पोरगी हायेस का कोनाची?”

पाण्यात उभी राहून मी शिव्या खात होते आणि मला रडू येत होतं. बाबा खुशीत होते. पाळीवर बसून त्यांनी स्वतः जुड्या बांधल्या. दोन जुड्या सुटल्या, पण मला हात लावू दिला नाही.

“आता किती दिवस टिकते?” त्यांनी विचारलं.

“पंधरा दिवस, बाबा. खाऊनच टाकतात.”

“मंग पंधरा दिवसानं येजो. मी काढून ठेवाले लावतो.”

मी दोनदा गेले. दोन्ही वेळा जेवण झाल्यावर बाबा आणि मी पडवीत बसून जुड्या बांधल्या, आणि त्यांनी मला माझ्या जन्माच्या वर्षी तळं कसं भरलं होतं ते सांगितलं. तिसऱ्या शनिवारी मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि दुकानात सणाची गर्दी होती. ही काही खोटी कारणं नव्हती. सकाळी मी फोन केला.

“बाबा, या खेपेचं गवत अजून चांगलं हाये. आज नाही येत.”

“चांगलं हाये तं कायले येतं,” बाबा म्हणाले. “काम असन तवा येजो.”

गवत आदल्या संध्याकाळीच काढून बादलीत ठेवलं होतं, हे वहिनीने पुढे कधीतरी बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर बाबा वर्षभर होते. मी सणाला गेले, त्यांचं औषध पोचवायला गेले, एकदा वहिनी आजारी होती म्हणून गेले. प्रत्येक वेळी ते दारातच विचारायचे, “काय काम काढलं, बाई?” आणि प्रत्येक वेळी माझ्याजवळ सांगायला काही ना काही काम असायचं. तुम्हाला भेटायला आले, एवढंच म्हणायचं होतं. ते मी एकदाही म्हटलं नाही.